खुबा बदलला, पण हाड मोडलं कशामुळे?

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे. तीन आठवड्यांपूर्वी रात्री बाथरूमला जाताना पडली आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं; डॉक्टर म्हणाले, अर्धा सांधा बदललाय. आता ती घरी आहे. फिजिओ म्हणतात रोज चालवा. धाकटा भाऊ म्हणतो, या वयात हाड जुळायला वेळ लागतो, तिला झोपून राहू दे. ऑपरेशनची घाईच झाली, असंही त्याला वाटतं. आई स्वतः उभी राहायला घाबरते. सुट्टी देताना दुखण्याच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात, बाकी काही नाही. वडील ८२ वर्षांचे आहेत, झोपेची गोळी घेतात, हल्ली त्यांचाही तोल जातो. मी ५३ वर्षांची आहे, पाळी जाऊन चार वर्षं झाली. माझंही असंच होणार का? काय करू?

उत्तर :

प्रिय ताई,

आधी घरातल्या वादाचं सांगते, कारण त्या वादात आईंचा एकेक दिवस वाया जातोय. आईंना चालवायला हवं. फिजिओ म्हणतात ते अगदी बरोबर आहे.

तुमचा भाऊ मायेपोटीच म्हणतोय, पण आईंच्या खुब्यात जुळायचं असं काही उरलेलंच नाही. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो, तो खुब्याच्या खोबणीत फिरतो. त्या गोळ्याच्या खाली हाडाची मान असते. आईंचं हाड तिथे मोडलं असणार. गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या या मानेवरूनच वर जातात. हाड मोडून जागचं सरकलं की त्याही तुटतात आणि गोळा रक्तावाचून मरू लागतो. म्हणून उतारवयात तो स्क्रूने जोडत बसत नाहीत. काढून टाकतात आणि जागी धातूचा बसवतात. ‘अर्धा सांधा बदलला’ म्हणजे हेच. हा गोळा सहसा पहिल्या दिवसापासूनच अंगाचं वजन पेलतो. हाड मानेच्याही खाली मोडलं असतं तर रॉड किंवा स्क्रू घालून जोडलं असतं, आणि ते मात्र जुळावं लागलं असतं. पण तशा रुग्णांनाही बहुतेक वेळा ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच उभं करतात.

झोपून राहण्याने काय होतं, ते भावाला नीट सांगा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट, सरासरी ६७ वर्षांच्या माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. दहा दिवसांत त्यांच्या पायांचे जवळपास एक किलो स्नायू झडले. ही आजारी माणसं नव्हती, त्यांचं काही मोडलेलं नव्हतं. आईंचे तर तीन आठवडे गेलेत, त्यात ऑपरेशन झालंय, आणि जेवणही कमी झालं असेल. शिवाय पडून राहिलं की छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, पाठीला आणि टाचेला बेडसोर होतात. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी वर्षभरात साधारण चार-पाचांतला एक जण दगावतो. घाबरवायला सांगत नाही. पण ही माणसं हाडामुळे क्वचितच जातात. आधीचे आजार आणि अंथरुणाला खिळल्यावर मागे लागलेली ही दुखणीच बहुतेकांना नेतात.

ऑपरेशनच्या घाईबद्दल भावाच्या मनात जी रुखरुख आहे, तीही काढून टाका. खुब्याच्या मोडीचं ऑपरेशन एक-दोन दिवसांत व्हावं असाच सगळीकडे आग्रह असतो, कारण मोडलेल्या हाडाने माणसाला कुशीवरही वळता येत नाही आणि वर सांगितलेली सगळी दुखणी तेव्हाच सुरू होतात. ‘वय झालंय, ऑपरेशन झेपणार नाही’ असं वाटणं साहजिक आहे. पण खुब्याच्या बाबतीत ऑपरेशन न करणंच बहुधा जास्त जोखमीचं असतं. २०२० साली १७ देशांतल्या जवळजवळ तीन हजार रुग्णांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. दाखल झाल्यावर निदान होताच साधारण सहा तासांत ऑपरेशन केलेले आणि साधारण चोवीस तासांत केलेले, असे दोन गट होते. मृत्यूंच्या प्रमाणात म्हणावा तसा फरक पडला नाही. मात्र लवकर ऑपरेशन झालेले लवकर उभे राहिले, आणि ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना जो भ्रम होतो, म्हणजे रात्री असंबद्ध बोलणं, माणसं न ओळखणं, तोही त्यांच्यात कमी दिसला. आईंचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, म्हणजे वेळेतच झालं. डॉक्टरांनी योग्य तेच केलं.

आता आईंच्या भीतीकडे येते. ही भीती खोटी नाही, म्हणून ‘काही होत नाही, घाबरू नकोस’ एवढ्याने ती जायची नाही. एकदा पडलेला माणूस भीतीने हालचाल कमी करतो, त्याने पाय लुळे पडतात, आणि लुळ्या पायांनी तो खरोखरच पुन्हा पडतो. हे चक्र तुम्हाला तोडायचंय, आणि ते छोट्या छोट्या, रोज जमणाऱ्या गोष्टींनीच तुटतं.

सुरुवात खुर्चीवरून उठण्यापासून करा. खुर्ची हातांची आणि उंच हवी, बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जाता कामा नयेत. सांधा बदलल्यावर किती वाकायचं, पायावर पाय टाकायचा की नाही, हे सर्जननी सांगितलं असेल. नसेल सांगितलं तर फोन करून विचारा, कारण सांधा कुठल्या बाजूने उघडला यावर ते अवलंबून असतं. आईंनी आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकायचं. उजवा पाय थोडा पुढे, डावा पाय जवळ. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, आणि त्यांवर जोर देऊन उठायचं. वॉकर धरून स्वतःला ओढत उठायचं नाही. तो अंगावर येतो. उभं राहिल्यावर दोन-तीन श्वास तिथेच थांबायचं, चक्कर येत नाही ना ते पाहायचं, आणि मग हात वॉकरवर न्यायचे. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पुढे जिन्याची वेळ आली की चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

तुम्ही उभं राहायचं ते त्यांच्या उजव्या बाजूला, किंचित मागे. दंडाला धरून ओढू नका. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरला तर त्यांना आधार वाटतो आणि हात मोकळे राहतात. दुखण्याची गोळी व्यायामाच्या साधारण अर्धा तास आधी द्या, वेळा डॉक्टरांना विचारून बसवून घ्या. बरेच जण गोळी ‘फार दुखलं तरच’ देतात, मग चालायच्या वेळी दुखतं, आणि दुखण्याचं नाव भीतीवर जातं. दिवसातून एकदाच खूप चालवण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडं थोडं चालवा. काल दारापर्यंत गेल्या, आज खिडकीपर्यंत, हे त्यांच्यासमोरच कॅलेंडरवर लिहून ठेवा. आपली प्रगती डोळ्यांनी दिसली की माणूस स्वतःहून उठायला लागतो.

खाण्याकडेही लक्ष द्या. या काळात भूक मरते आणि घरचे मऊ-पातळ भरवत राहतात, त्यात प्रथिनं फारशी नसतात. मूत्रपिंडाचा मोठा त्रास नसेल तर वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जायला हवीत. म्हणजे आईंचं वजन ५० किलो असेल तर ५० ते ६० ग्रॅम. स्नायू परत यायचे तर व्यायाम आणि प्रथिनं दोन्ही लागतात, एकाने भागत नाही.

पोटरी अचानक सुजली, धाप लागली, छातीत दुखलं, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप चढला, किंवा जांघेत एकाएकी कळ येऊन पाय आखूड दिसायला लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. लगेच रुग्णालयात न्या.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त होते, पुढेही वर्षभर थोडी थोडी होत राहते. खरं सांगायचं तर जवळपास निम्मे लोक पूर्वीइतकं चालू शकत नाहीत. काठी कायमची राहते. आईंच्या हातात काठी राहिली तर तुमचं काही चुकलं असं समजू नका.

आता पत्रातल्या ज्या ओळीवर मी अडखळले, तिच्याकडे वळते. ‘कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात, बाकी काही नाही.’ ताई, ही गोष्ट अशीच सोडू नका. उभ्या उंचीवरून पडून निरोगी हाड सहसा मोडत नाही. आईंचं मोडलं, याचा अर्थ हाडं आतून ठिसूळ झालीत, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस झालाय. ऑपरेशनने मोडलेला भाग बदलला. ज्या आजाराने तो मोडला, तो डाव्या खुब्यात, मणक्यांत आणि मनगटांत तसाच बसलाय. आणि खुबा एकदा मोडलेल्या माणसाचं दुसरं हाड मोडण्याचा धोका तर बराच वाढलेला असतो. तरीही हजारो घरांत हेच होतं. सर्जन आपलं काम चोख करतात, टाके निघतात, आणि ठिसूळपणावर औषध कुणी द्यायचं हे कुणीच ठरवत नाही. मला याचा फार त्रास होतो, कारण औषधं आहेत, आणि ती उपयोगी पडतात.

२००७ साली खुब्याचं ऑपरेशन झालेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना झोलेड्रॉनिक ॲसिड हे औषध वर्षातून एकदा शिरेतून दिलं, ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत सुरुवात करून. उरलेल्यांना नुसतं सलाइन. पुढे साधारण दोन वर्षांत सलाइनच्या गटात दर शंभरातल्या १४ जणांचं पुन्हा हाड मोडलं. औषधाच्या गटात ९ जणांचं. मृत्यूही कमी झाले, शंभरात १३ ऐवजी १० च्या आत. आणि तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व दोन्ही गटांना दिलं होतं. म्हणजे कॅल्शियम हवंच, पण आईंच्या आजारावर ते एकटं पुरणार नाही.

हे इंजेक्शन चालेल की नाही हे ठरवण्याआधी डॉक्टर रक्तातलं कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचं काम तपासतील. दात काढायचा असेल किंवा हिरड्यांचं मोठं काम राहिलं असेल तर ते आधी उरकून घेतलेलं बरं. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस अंग मोडून येणं, कणकण वाटणं असं होऊ शकतं, ते जातं. शिरेतून नको असेल तर आठवड्याला एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी असते. ती सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. नाहीतर अन्ननलिका भाजून निघते. आईंना सध्या ताठ बसवतच नसेल, तर ही गोळी त्यांच्यासाठी नव्हे. मूत्रपिंड कमजोर असेल तर दर सहा महिन्यांनी त्वचेखाली घ्यायचं डेनोसुमॅब हा पर्याय डॉक्टर सुचवतील. फक्त ते सुरू केलं की तारीख चुकवायची नाही आणि मनाने बंद करायचं नाही. मध्येच सोडलं तर हाडांची झीज झपाट्याने उसळून येते आणि मणके पिचू शकतात.

दुष्परिणामांबद्दल कुणी ना कुणी घाबरवेलच. जबड्याचं हाड कुजणं, मांडीचं हाड मधोमध वेगळ्या तऱ्हेने मोडणं, हे होतं, पण फार क्वचित. आईंच्या बाबतीत पुन्हा खुबा किंवा मणका मोडण्याचा धोका त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. मांडीत किंवा जांघेत आठवडेच्या आठवडे दुखत राहिलं तर डॉक्टरांना सांगायचं, एवढं लक्षात ठेवा.

‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल एक सावधगिरी. जितकं जास्त तितकं चांगलं, असं इथे नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा एकच मोठा डोस देऊन पाहिला, तर त्या उलट जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. रोजचे ८०० ते १००० युनिट आणि आहार धरून एकूण १२०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम एवढं आईंना सर्वसाधारणपणे पुरतं. रक्तात फारच कमतरता निघाली तर डॉक्टर सांगतील तसं.

मग आई पडल्या कशा, हा प्रश्न उरतो. ‘हाड आधी मोडलं आणि म्हणून पडल्या’ असं बरेच जण म्हणतात. तसं कधीकधी होतंही, पण बहुतेक वेळा आधी पडणं आणि मग मोडणं हाच क्रम असतो, आणि तोही कुशीवर पडल्यावर. रात्री, झोपेतून उठून, घाईत, अंधारात बाथरूमकडे जाणं यात पडण्याची सगळी कारणं एकत्र येतात. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा राहू द्या. वाटेतली पायपुसणी आणि वायरी हलवा. कमोडशेजारी भिंतीत घट्ट दांडी बसवा. टॉवेल टांगायची दांडी वजन पेलत नाही. उठल्यावर पलंगाच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसायचं, मग उभं राहायचं. लघवी जास्त होण्याची गोळी रक्तदाबासाठी चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का, ते विचारा. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर त्याचं ऑपरेशन लांबवू नका.

वडिलांना यात विसरू नका. खरं तर आत्ता मला त्यांचीच काळजी जास्त वाटते, कारण त्यांचं अजून काही मोडलेलं नाही आणि ते टाळता येईल. झोपेच्या गोळ्या हे पडण्याचं मोठं कारण आहे. पण वर्षानुवर्षांची गोळी एका रात्रीत बंद करायची नाही, डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवायची. प्रोस्टेटची आणि रक्तदाबाची औषधंही उठल्या उठल्या दाब पाडतात. घरी यंत्र असेल तर पाच मिनिटं आडवं झाल्यावर रक्तदाब मोजा, मग उभं राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर ते आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या, सोबत सगळ्या गोळ्यांची पिशवी. आणखी एक सोपी चाचणी करून पाहा. त्यांना खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला सांगा आणि घड्याळ लावा. तुम्ही शेजारीच राहा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर तोल आणि पायांची ताकद यांवर काम सुरू करायची वेळ झाली. तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम नेमाने केले की पडण्याचं प्रमाण जवळपास चौथ्या हिश्श्याने कमी होतं, हे अनेक चाचण्यांमध्ये दिसलंय. ऐंशीच्या पुढेही स्नायू ताकद धरतात. हाडांचा ठिसूळपणा हा बायकांचा आजार समजून पुरुषांची तपासणीच होत नाही, आणि खुबा मोडल्यावर पुरुष बायकांपेक्षा जास्त प्रमाणात दगावतात. तेव्हा वडिलांचाही डेक्सा स्कॅन करून घ्या. हाडांची घनता मोजणारी ती तपासणी आहे. क्ष-किरणांचा अगदी थोडा मारा असतो, दुखत नाही.

आता तुमचं. आईचं झालं म्हणून तुमचं होणारच असं नाही, पण आई किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असणं हा धोक्याच्या हिशेबात धरला जाणारा मुद्दा आहे, आणि पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं हाडं सर्वांत वेगाने झिजतात. तुम्ही नेमक्या त्या वर्षांत आहात. डेक्साच्या अहवालात टी-स्कोअर असतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये घनता कमी, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. मधल्या पट्टीत आलात तर लगेच औषध लागेलच असं नाही. वय, वजन, धूम्रपान, स्टेरॉइडच्या गोळ्या, आधी मोडलेलं हाड हे सगळं धरून डॉक्टर ठरवतात.

चालायला जात असाल तर जरूर जा, पण हाडांसाठी नुसतं चालणं पुरत नाही. हाडाला भार लागतो. ऑस्ट्रेलियातल्याच एका चाचणीत पाळी गेलेल्या आणि घनता कमी असलेल्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली होती, आणि घरच्या घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची उतरली होती. तुम्ही आधी स्कॅन करा, मग कुणाच्या तरी नजरेखाली हलक्या वजनापासून सुरुवात करून वाढवत न्या. एकटीने, व्हिडिओ पाहून, जड वजनाला हात घालू नका.

आईंच्या पुढच्या तपासणीला जाताना सर्जनना सरळ विचारा : ‘हाडांच्या ठिसूळपणावर कोणतं औषध, कधीपासून, आणि ते कोण सुरू करणार?’ ते म्हणाले की हे माझं काम नाही, तर कुणाकडे जायचं त्याची चिठ्ठी तिथल्या तिथे लिहून मागा. तीन आठवडे होऊन गेलेत, म्हणजे औषध सुरू करायला ही अगदी योग्य वेळ आहे. त्याच दिवशी वडिलांच्या आणि तुमच्या स्कॅनच्या तारखा घेऊन या. आणि भावाला सोबत न्या, म्हणजे चालवायचं की नाही हेही त्याला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकता येईल.